उगवतीकडं तोंड

तुम्ही माझ्या भावाला मक्केकडं पाठ करून समुद्रात सोडलंत. होकायंत्र मागवून, नीट बघून, अख्ख्या जहाजाला ताठ उभं करून सोडलंत. पाय घसरावा तसं हे चुकून झालेलं नाही, हुकूम देऊन झालंय. तुमचं नाव मला माहीत नाही, कुणी सांगितलं नाही. मुंबईच्या कचेरीत मी ज्याच्यासमोर उभा राहिलो तो तुम्ही नव्हता. जहाजावर ज्यानं हुकूम दिला तोही एकटा तुम्ही नाही. आणि ज्यानं कधीकाळी पंख्याखाली बसून तो नियम लिहिला तो एव्हाना मेलाही असेल, त्याचं तोंड त्याच्या देवाकडं करून त्याला नीट निजवलंही असेल. तरी तुम्ही आहात, कुठंतरी बसलेले आहात. मी तुमच्याशीच बोलतोय आणि हात जोडून बोलत नाही, हे आधी ध्यानात घ्या.

मी मेहमूद. दौंडच्या इंजिन शेडात टर्नटेबलवर कामाला आहे. तुम्ही समुद्रावरची माणसं, तुम्हाला ठाऊक नसेल म्हणून सांगतो. जमिनीत गोल खड्डा असतो, त्यावर एक फिरता पूल. इंजिन त्या पुलावर आणून उभं करायचं. बरोबर मध्यावर तोललं गेलं की दोन माणसं दोन्ही टोकांच्या दांड्यांना खांदे लावून ते धूड फिरवतात आणि त्याचं तोंड पाहिजे त्या बाजूला करतात. वीतभर इकडंतिकडं झालं तर दहा माणसं लावा, हलणार नाही. आमचं जंक्शनच तसलं. मनमाडकडून आलेली गाडी पुण्याला न्यायची तर इथं तिचं शेपूट तोंड होतं. नवखे उतारू घाबरतात, गाडी परत निघाली म्हणून खिडकीतून ओरडतात, कुणी बाई पोराला कडेवर घेऊन उतरायलाही निघते. आम्ही हसतो. या गावात कुणाचं तोंड कुठं आहे याच्यावर शेकडो माणसांची पोटं चालतात. काल दिवस कलताना मी एक इंजिन अर्ध्यावर आणलं आणि थांबलो. ठरवून थांबलो नाही, खांदाच ढकलायचा थांबला. पुलाचं टोक ना या रुळाला, ना त्या. इंजिन वाफ सोडत आडवं उभं, ड्रायव्हर खिडकीतून शिव्या देतोय, आणि पलीकडच्या दांड्यावरून माझा जोडीदार म्हस्कू ओरडला, "ए मेहमूद, मेलास का उभ्या उभ्या? ढकल की!"

मी म्हणालो, "म्हस्कू, पुण्याची बाजू कुठली रे?"

"आता पुन्याची बाजू बी इसरला व्हय? ती काय, दिवस बुडतोय ती. गांजा मारून आलायस का काय?"

दिवस बुडतोय ती. म्हस्कूला कुणीही विचारलं तरी तो हेच सांगणार, त्याचं काही चुकलं नाही. लहानपणी आम्हालाही असंच शिकवलेलं. नमाजाला कुठं तोंड करायचं, म्हणजे किबला कुठला, तर पुण्याची गाडी जाते तिकडं. अब्बा म्हणायचे, मक्का पुण्याच्या पुढंच हाय, जरा लांब. आम्हा दोघा भावांना कितीतरी दिवस वाटायचं की तिकीट काढून बसून राहिलं, पुण्याला उतरलंच नाही, तर गाडी आपोआप मक्केला नेऊन सोडेल. मी दांड्याला खांदा लावला. इंजिन फिरलं, रूळ जुळला, खटका पडला. पण अर्ध्यावर थांबलो तो उगाच नाही. कारण त्या दुपारी मी घरात काय बघून आलो होतो ते माझं मला ठाऊक. तेच तुम्हाला सांगायचंय, पण तिथवर यायला मला मागून यावं लागेल.

सिद्दीक माझ्या पाठचा. तोही याच शेडात, इंजिनाची राख काढायचा. राहू आमचं गाव, भीमेच्या कडेचं. नदीत पोहणं आणि आगीशी खेळणं, दोन्ही त्याला येत होतं. तुमच्या नौदलाच्या भरतीवाल्यानं विचारलं, आगीचं काम येतं का? हा म्हणाला, मला दुसरं येतंय काय! स्टोकर म्हणून घेतलात त्याला, बॉयलरवर. पहिल्या सुट्टीला आला तेव्हा पांढरा कडक गणवेश, टोपी तिरकी, शेडात सगळ्यांना दाखवून आला. टर्नटेबलच्या कठड्यावर बसून मला म्हणाला, "भाऊ, जहाजाला ह्ये असलं काय बी लागत न्हाई. सगळा दर्याच टर्नटेबल. सायबानं म्हनायचं वळ, का वळलं." मी म्हणालो, खांदा कोण लावतो? तर हसला. "खांदा आम्ही खाली लावतो की. वरच्यांना दिसत न्हाई." पुढं सुएझचा कालवा बंद पडून पुन्हा उघडला, त्याच्या पुढच्या वर्षी त्याचं जहाज विलायतेला गेलं. परत येताना लाल समुद्रात बॉयलरच्या खोलीत त्याला उष्मा लागला आणि तो गेला. मी इंजिनाच्या भट्टीशेजारी उभा राहिलेला माणूस आहे, उष्मा म्हणजे काय ते मला कळतं. डोळ्यांमागं पाणी उकळायला लागतं, जीभ जड होते, आणि मग माणूस उगाच हसायला लागतो. सिद्दीक हसला असेल का, हा प्रश्न मला बरेच दिवस होता. पण त्याबद्दल मी तुम्हाला जबाबदार धरत नाही. आगीच्या कामात माणूस मरतो. इथंही मरतो. इथं मेला की त्याला घरी आणतात, एवढाच फरक.

तार आली. सगळे लष्करी मान देऊन समुद्रात अंत्यविधी केला, असं तारेत. अम्मानं ऐकलं आणि भिंतीला टेकून बसली. दुसऱ्या सकाळी राहूहून सोपानआबा आले. आमच्या वावराला लागून त्यांचं वावर, अब्बांचे जिवलग, झेंडू आणि शेवंती करणारा माणूस. डोक्यावर फुलांची पाटी. दारात पाटी उतरवून मला म्हणाले, "मेहमूद, मातीला कवा निघायचं?" आमच्याकडं मयताला जाणं म्हणजे मातीला जाणं, मग मयत कुणाचंही असो. अब्बांच्या मातीला अर्धं राहू आलं होतं, आणि आम्ही पोरांनी टाकल्यावर पुढची मूठ सोपानआबांचीच होती. मी त्यांना म्हणालो, आबा, माती नाही. त्याला पाण्यात सोडला. त्यांना कळेना. म्हणाले, "आरं पर कुनी तरी मूठभर टाकली आसंल की." नाही, म्हणालो, तिथं माती नसते. म्हातारा उभाच राहिला, हात रिकामे लोंबत. मग म्हणाला, "मंग ही फुलं मी कुटं टाकू?" त्यांनी ती पाटी उचलली आणि दौंडच्या पुलाखाली भीमेत नेऊन ओतली. म्हणाले, भीमाई कृष्णेला मिळती, कृष्णा समुद्राला. पोचतील. मलाही तेव्हा तसंच वाटलं. आता कळतं की कृष्णा दुसऱ्या समुद्राला जाते, पूर्वेच्या. आमच्याकडचं सगळं पाणीच उगवतीकडं जातं. ती फुलं माझ्या भावाकडं पाठ करून गेली. पण सोपानआबांनी होकायंत्र मागवलं नव्हतं आणि कुणाला हुकूम दिला नव्हता. त्यांच्या चुकीला मी चूक म्हणत नाही. तुमच्या चुकीबद्दल बोलायचंय.

तुमच्याकडचा एक माणूस घरी आला, तो मात्र सरळ मनाचा. आनंदराव, मांडवगण फराट्याचा, सिद्दीकच्या जहाजावरचाच. सुट्टीवर चालला होता, वाटेत दौंडला उतरून सिद्दीकची पत्र्याची पेटी द्यायला आला. पेटीत गणवेश, दाढीचं सामान, अम्मानं दिलेली सुरम्याची डबी. अम्मानं पेटीकडं बघितलंसुद्धा नाही. आम्ही घरात हिंदी-मराठी कालवून बोलतो, पण ती राहूच्या शेतात वाढलेली, तिच्या तोंडात मराठीच जास्त. तिनं आनंदरावला चहा दिला, समोर बसली, आणि पहिला प्रश्न विचारला. कसा मेला ते विचारलं नाही, शेवटी काय म्हणाला तेही नाही. "बाबा, त्येला सोडताना तोंड कुठं केलं व्हतं?"

आनंदरावचा चेहरा उजळला. बिचारा वाटभर घाबरत आला असणार, की ही बाई काय विचारील आणि आपण काय सांगणार. आणि नेमकं जे त्याला छान ठाऊक होतं तेच तिनं विचारलं. "मावशी, त्याची काळजीच करू नका. आमच्या कॅप्टनसारखा मानूस न्हाई. सकाळी सगळ्यांना डेकवर उभं केलं. कायद्याच्या पुस्तकात बघितलं, मुसलमान आसंल तर तोंड पश्चिमेला. मंग होकायंत्र बघून पश्चिम पक्की केली. ज्या फळीवरनं सोडायचं ती नीट बसंना, तर जहाज वळवलं, मावशी! एवढं मोठं लढाऊ जहाज, एका स्टोकरसाठी वळवलं. आन् अगदी बरोब्बर पश्चिमेला तोंड करून..." तो हातानं फळी तिरपी करून दाखवत होता, दाखवता दाखवता थांबला. अम्मानं पुढं होऊन त्याच्या गालावरून हात फिरवला आणि स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली. तारेनंतर पहिल्यांदा ती रडली, मोकळी, आवाज करून. आनंदरावला आणखी काहीतरी सांगावंसं वाटलं, वातावरण हलकं करावं म्हणून. म्हणाला, "एक यूपीकडचा स्टुअर्ड हाय आमच्यात, तुमच्यातलाच. त्यो मधीच पुटपुटला, साब, किबला इधर नहीं, उधर है. कॅप्टननं नुसतं बघितलं त्याच्याकडं. जहाजावर कॅप्टननं बघितलं की बास. तोंडातला शब्द तोंडात." अम्मा डोळे पुसत म्हणाली, "दुखात मानसाला भान राहत न्हाई बाबा. त्याला रागावू नका कुनी."

बघा. तिनं तुमच्या कॅप्टनला दुवा दिली आणि खरं बोलणाऱ्या त्या एकट्या माणसाला माफ केलं.

त्यानंतरचे काही महिने घर शांत होतं. अम्मा शेजारणींना सांगायची, जहाज वळवलं माझ्या पोरासाठी. भाजीवालीला, पाण्याच्या नळावर, कुणी विचारो न विचारो. दुपारी ती उत्तरेला उशी करून उजव्या कुशीवर पडायची, भिंतीकडं तोंड करून, म्हणजे पुण्याच्या बाजूला, आणि निवांत झोपायची. आणि मी? मी नमाज पढत नाही. तरुणपणी युनियनमध्ये गेलो, चौथीनंतर जे वाचलं ते रेल्वेच्या इन्स्टिट्यूटमधल्या फाटक्या पुस्तकांतून, आणि वाचता वाचता देव कुठं गळून पडला कळलं नाही. मला वाटायचं, मेलेल्याचं तोंड कुठंही असो, मातीला काय आणि माशाला काय. मग एकदा त्या इन्स्टिट्यूटच्या भिंतीवर लावलेल्या जगाच्या नकाशापाशी उभा होतो. कालव्याच्या भानगडीच्या वेळी कुणीतरी आणून लावलेला, त्यावर पानाच्या पिचकाऱ्या. म्हटलं, आपला भाऊ कुठं आहे बघावं. लाल समुद्र बोटाएवढा. आनंदराव म्हणाला होता कालव्यातून बाहेर पडून निम्मा समुद्र उतरलो होतो. मी बोट खाली आणलं. निम्म्यावर आलो. आणि बोटाच्या उजव्या अंगाला, काठापासून जरासं आत, बारीक अक्षरांत मक्का लिहिलेलं. उजव्या अंगाला. पूर्वेला. मी नकाशा उलटा टांगलाय का बघितलं. खरंच बघितलं, खालची दांडी हातात धरून. मागं बिलियर्डवर गार्ड लोक ठोकाठोकी करत होते, एकजण म्हणाला, काय शोधतोयस रे, सासुरवाडी? मी हसलो. माझं बोट अजून भावाच्या पाठीवर होतं.

तेव्हापासून मला बसवत नाही आणि पडवत नाही. जिथं जाईन तिथं आधी दिशा ओळखून ठेवायची खोड लागली. चहाच्या दुकानात बाकडं कुठल्या तोंडाला आहे. न्हाव्याच्या खुर्चीत मी कुठं बघतोय. म्हस्कूला कळेना मी दर इंजिन फिरवल्यावर मान वळवून सूर्य का बघतो. मला देव नाही, मग मला कसला त्रास? हे मी स्वतःला हजारदा विचारलं. उत्तर एकच येतं. माझ्या भावाला देव होता. त्यानं बॉयलरच्या खोलीत, तुमची वाफ कमी पडू नये म्हणून खांदा लावला, आणि त्या बदल्यात त्याला एका बाजूला तोंड हवं होतं. तेवढंच. ते तुम्ही दिलंत, सगळ्या थाटामाटानं, आणि उलटं दिलंत. आणि सगळ्यात वाईट म्हणजे रोज दुपारी माझी आई भिंतीकडं तोंड करून पडायची तेव्हा मला तिच्या नजरेची सरळ रेघ दिसायची. भिंत, पुणं, समुद्र, मक्का, आणि मक्केच्या पलीकडं सिद्दीकची पाठ. ती बिचारी रोज त्याच्या पाठीकडं बघत झोपत होती.

मी मुंबईला आलो. रजा काढली, धुतलेला सदरा घातला, तुमच्या कचेरीच्या दारातल्या बंदूकवाल्यानं दोनदा झडती घेतली. आतला साहेब वाईट नव्हता, हेही सांगतो. खुर्ची दिली. मराठी चांगलं बोलत होता. मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "तुमचं दुःख समजतं. पण एक लक्षात घ्या, समुद्रात दिशा राहत नाही. वजन बांधलेलं असतं, देह फिरत फिरत तळाला जातो. तळाशी कुठल्या बाजूला पडला असेल कुणास ठाऊक."

मी म्हणालो, "मग होकायंत्र कशाला मागवलं?"

तो म्हणाला, नियम आहे. मी विचारलं, नियम कुठं लिहिला? इथंच, म्हणाला, मुंबईत. मी म्हणालो, इथून मक्का पश्चिमेला आहे साहेब, तिथून नव्हती. त्यावर तो असा हसला की जणू मी त्याच्या सापळ्यात गेलो. "हे बघा, कायदा असा आहे. आपलं लढाऊ जहाज जगात कुठंही असो, ती भारताची भूमी मानतात. दुसऱ्या कुणाची सत्ता त्यावर चालत नाही. डेकवर उभं राहणं म्हणजे भारतात उभं राहणं. आणि भारतात मुसलमान माणसाला पश्चिमेलाच तोंड करून ठेवतात. कॅप्टनचं काय चुकलं?"

मी आयुष्यात पुष्कळ साहेबांचं ऐकलंय, पण असं कधी ऐकलं नव्हतं. दौंडात मी कितीही इंजिनं फिरवली तरी दौंड कधी फिरलं नाही. आणि तुम्ही अख्खा देश पाण्यावर घेऊन फिरता, त्याची पश्चिम पेटीत भरून बरोबर नेता, आणि मक्केच्या पलीकडं जाऊन ती पेटी उघडता! मी म्हणालो, "जहाज भारताची भूमी असेल तर माझा भाऊ भारताच्या भूमीवर मेला. मग त्याला माती का नाही?" त्यानं फाईल मिटली. मी म्हणालो, "आणि फळी तिरपी केली, तेव्हा? भारत कुठं संपला? फळीच्या टोकाला? म्हणजे तोंड भारताच्या हिशेबानं केलं आणि टाकला परमुलुखात?" एक दिवस ठेवून जवळच्या बंदरात माती देता आली नसती का, म्हणालो. तो म्हणाला, थंड खोलीत सगळ्यांचं मटण होतं. हे त्यानं लाजून सांगितलं, पण सांगितलं. मग त्याचा आवाज बदलला. "तुमचं शिक्षण किती?" चौथी, म्हणालो. "मग समुद्राचा कायदा मला शिकवू नका. जहाजावर कॅप्टनचा शब्द अखेरचा. आणि तुम्ही मागताय काय? पैसे तर मिळालेत."

मी म्हणालो, "चूक झाली एवढं म्हणा. आणि पुस्तकात ते बदला. पुढच्या सिद्दीकसाठी."

तो टेबलावरच्या काचेकडं बघू लागला. मग हळू म्हणाला, "कॅप्टन चुकला असं म्हणायची आमच्याकडं तरतूद नाही."

तरतूद नाही. गाडीत हा शब्द माझ्या दातांत अडकल्यासारखा होता. घाटात दोन इंजिनं लागली, एक पुढं, एक मागं, गाडी वर चढली, आणि मी खिडकीतून बघत होतो की आपण आता पूर्वेला चाललोय, माझं तोंड उगवतीकडं आहे, आणि मी जिवंत आहे, मला कुणी विचारत नाही. घरी आलो. अम्माला सांगितलं, शेडच्या कामाला गेलो होतो. तिनं भाकरी वाढली. तिला सांगायचं नाही हे मी ठरवून टाकलं होतं. तिच्याकडं जे आहे ते खोटं आहे, पण झोप येण्यापुरतं आहे. आपण ते काढून घ्यायचं नाही. मी देव न मानणारा माणूस रोज तिच्याबरोबर तुमचं खोटं राखत बसलो, तुमचा पहारेकरी झाल्यासारखा. तुम्हाला याचा पगार द्यायला हवा होता मला.

आणि काल दुपारी शेडात निघताना बघितलं तर अम्मा डाव्या कुशीवर पडलेली. तोंड दाराकडं. उगवतीकडं. उशी तिथंच, उत्तरेला, फक्त तीच वळलेली. माझ्या मनात आलं, वाऱ्यासाठी वळली असेल. मग आठवलं की परवाही अशीच होती. त्याच्या आधीही. मी बघत होतो आणि बघत नव्हतो. तिचे डोळे उघडे होते.

"अम्मा, ह्या कुशीवर का?"

"आसंच."

"वारा येतोय का?"

"वारा कशाला पायजे मला." मग म्हणाली, "तू मुंबईला गेलतास ना? शेडचं काम आन् धुतलेला सदरा? मला येडी समजतोस व्हय रं?"

मी उंबऱ्यावर बसलो. ती पडल्या पडल्याच बोलली, दाराबाहेरच्या उन्हाकडं बघत. हाजी नबीलालनी नवा जनरल स्टोअर काढलाय बाजारात, तिथं ती साबण आणायला गेली होती. नबीलालमामा हजला जाऊन आलेले, मुंबईहून जहाजानं. त्यांना तिनं कौतुकानं सांगितलं, माझ्या पोरासाठी जहाज वळवलं, होकायंत्र लावून पश्चिमेला तोंड केलं. "आन् मामाच्या हातातली तस्बीच थांबली, मेहमूद. मनी पुढं जाईना. मी म्हनलं, मामा, काय झालं? काय न्हाई, काय न्हाई. मी म्हनलं, साबन ठिवा तिकडं आन् आधी बोला. तवा बोलले. हजच्या जहाजावर म्हनं रोज नमाजाच्या आदी सांगत्यात किबला कुठल्या अंगाला. जेद्दाला लागायच्या जरा आदी त्यांनी उगवतीकडं तोंड करून नमाज पढली. म्हंजी तो स्टुअर्ड बरोबर बोलत व्हता. मी त्यालाच माफ केलं, बघ की!" ती हसली. ते हसणं मला बघवलं नाही. "मामा मला म्हनले, सरदारबी, अल्ला चारी बाजूंना हाय. मी म्हनलं, मामा, अल्लाचं मला सांगू नगा. अल्लाशी माजं भांडनच न्हाई. माजं भांडन सायबाशी हाय."

"पण अम्मा, म्हणून तू अशी... तिकडं पाठ करून?"

"माजं पोर एकलंच पाठ करून पडलंय तिथं. त्यानं केली न्हाई, त्याला कराय लावली. सगळ्या दुनियेचं तोंड तिकडं आन् माज्या एकट्याची पाठ. मंग माजी बी पाठ. दोघं हाव." मग उठून बसली आणि माझं मनगट धरलं. हात गरम, कोरडा. "आन् ऐक. मी गेल्यावर राहूला तुज्या अब्बांच्या शेजारी मला ठिवशील, तवा बी आशीच ठिवायची. तोंड उगवतीला."

"जमात ऐकायची नाही. कुणी खड्ड्यात उतरणार नाही."

"तू उतर. तुला देव न्हाई ना? मंग तुला काय भ्याव?"

"अम्मा, गुनाह आहे म्हणतील."

"म्हनू देत. हिशेब द्याचा तो मी देईन." मग अगदी साध्या आवाजात, बाजारातून काय आणायचं ते सांगावं तशी म्हणाली, "मला काय हौस न्हाई. ह्या कुशीवर जीव घाबरतो माजा. छाती धडधडती. त्या सायबानं एकदा म्हनावं, बाई, चुकलं आमचं. मी लगीच वळते."

मी शेडात गेलो. पुढचं तुम्हाला सांगून झालंय. इंजिन अर्ध्यावर थांबलं, ड्रायव्हरनं शिव्या दिल्या, दिवस पुण्याच्या बाजूला बुडाला. मी एका माणसाच्या जोडीनं असली किती धुडं वळवली असतील. तुम्ही एका स्टोकरसाठी अख्खं लढाऊ जहाज वळवलंत. आता एक म्हातारी बाई वळवायचीय. तिला ना वाफ लागत, ना खांदा, ना होकायंत्र. एक शब्द लागतो, तो तुमच्याकडं आहे आणि तुम्ही म्हणता तरतूद नाही.

मग तरतूद कुठं आहे ते सांगा. चुकीच्या माणसाकडं आलो असेन तर बरोबर माणसाचं नाव सांगा. मुंबईला असेल तर मुंबईला येतो, दिल्लीला असेल तर दिल्लीला, समुद्रावर असेल तर किनाऱ्यावर उभा राहतो. तुमच्या पुस्तकात अजून पश्चिमच लिहिलेली आहे का? तुमच्या जहाजांवर आज बॉयलरपाशी किती जण उभे आहेत, आणि त्यांच्या आया कुठल्या कुशीवर झोपतात? अम्माचं वय झालंय. ती अशीच गेली तर मला खड्ड्यात उतरून माझ्या हातानं तिची पाठ मक्केकडं करावी लागेल, आणि मी करीन, तिनं मनगट धरलंय माझं. ते करायच्या आधी मला तुमच्या तोंडून ऐकायचंय. आत्ता दुपार आहे. ती दाराकडं तोंड करून पडलीय, डोळे उघडे आहेत. वळू का म्हणून विचारतेय.

तिला काय सांगू? बोला.